ऐंशी रुपये आणि एक खाट

शनिवारची दुपार. वरण-भात, लोणचं आणि भाजलेला पापड. पापडाचं रिकामं पाकीट टाकून देता देता मागचा मजकूर वाचत बसलो (रिकामटेकडेपणा, दुसरं काय!) आणि म्हटलं, या वीकेंडला यावरच लिहू.

लिज्जतची गोष्ट आपल्याला साधारण एका ओळीत माहीत असते: सात बायका, ऐंशी रुपये, आज कोट्यवधींची उलाढाल. मला मधलं जाणून घ्यायचं होतं. कारण आमच्या घरात असाच एक प्रयोग होऊन बंद पडलाय. त्याबद्दल शेवटी.

तर १५ मार्च १९५९. मुंबईतलं गिरगाव. एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांच्यातल्याच एक. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शिक्षण बेताचं, हातात कला होती ती स्वयंपाकघरातली. भांडवल ८० रुपये, तेही उसने. (आज माझ्या ऑफिसखाली तेवढ्यात कॉफीसुद्धा येत नाही.) हे पैसे दिले छगनलाल करमशी पारेख यांनी. गोखल्यांनी १९०५ साली काढलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे ते सदस्य. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. त्या दिवशी माल तयार झाला चार पाकिटं! तो घेतला भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याने. तोही ओळखीतलाच.

आता इथे जरा थांबा. छगनबाप्पांनी पैसे दिले ते उसने, म्हणजे परत करायचे. आणि या बायकांनीही सुरुवातीलाच ठरवलं होतं की तोटा झाला तरी देणगी मागायची नाही. आपल्याकडे घरातली बाई काही करू लागली की आपण कौतुकाने "घे गं, परत नको देऊ" म्हणतो. बोलण्यात प्रेमच असतं, पण त्याचा अर्थ असाही होतो की हा काही धंदा नव्हे, हिचा विरंगुळा आहे. उसने देणारा माणूस मात्र गृहीत धरतो की ही कमावणार आहे.

दुसरी गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत. हलक्या प्रतीचे स्वस्तात विकायचे. छगनबाप्पांनी सांगितलं, एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. शिवाय हा धंदा आहे, तेव्हा धंद्यासारखा चालवा आणि हिशेब चोख ठेवा. आपल्या माणसाला "छान झालंय" म्हणणं सोपं असतं हो. "हे विकण्यासारखं नाही" हे सांगायला जास्त जिव्हाळा लागतो.

आणि पावसाळा? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं, पापड वाळणार कुठे? दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह! इंजिनिअरिंगची चार वर्षं मी नेमकं काय शिकलो, असा प्रश्न मला इथे पडला :-)

तीन महिन्यांत सातच्या पंचवीसेक झाल्या. पहिल्या वर्षीची विक्री ६,१९६ रुपये. तुटलेले पापड शेजाऱ्यांना वाटून टाकत. म्हणजे शेजाऱ्यांना फुकट मिळायचे ते तुटके. अख्खे पापड विकायचे.

हे वाचलं आणि आई आठवली.

२०१०ची दिवाळी. मी सातवी-आठवीत असेन. आईने चकलीची भाजणी विकायला काढली. धान्य धुणं, वाळवणं, भाजणं, गिरणीत नेणं, सगळं एकटीने. कौतुक भरपूर झालं. मावशी दोन किलो घेऊन गेली, आत्या तीन. काकूने तर तिच्या भिशीतल्या मैत्रिणींसाठीसुद्धा नेली. पैशांचं नाव कोणी काढलं नाही, कारण "घरचंच तर आहे". आईनेही मागितले नाहीत. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, आपल्याला कुठे कमी आहे?" दोन दिवाळ्या झाल्या आणि भाजणी बंद. आमच्या घरी अजूनही सगळे सांगतात, "तिला जमलं नाही."

काल फोनवर विचारलं तर म्हणाली, "वही आहे अजून माळ्यावर. सगळी उधारी लिहून ठेवलीय." चौदा-पंधरा वर्षं! तिने हिशेब चोख ठेवला होता. आम्ही अख्खे पापड फुकट नेणारे शेजारी निघालो. आणि मीही त्यातलाच. शाळेच्या डब्यात महिनाभर चकल्या नेल्या, गिरणीत मात्र एकदाही गेलो नाही.

पुन्हा कर म्हटलं, तर म्हणाली गुडघे दुखतात. बरोबर आहे, काही गोष्टींची वेळ निघून जाते.

मागच्या आठवड्यात एका मित्राच्या बायकोने लाडवांच्या ऑर्डर घेणं सुरू केलंय. मी आपला अंगठा दाखवून मोकळा झालो होतो. आज दोन डबे सांगितले, पूर्ण पैसे आधी पाठवले. लाडू कडक निघाले तर तेही सांगणार आहे.

असो. आईच्या वहीतली उधारी वसूल करायला कुठल्या मावशीपासून सुरुवात करावी, सुचवा!