तळ्यातल्या रोहूचे पहिले तीन दिवस

ठाण्यात खोपटचा सिद्धेश्वर तलाव असो की स्टेशनजवळचा मासुंदा, अशा साचल्या पाण्यात रोहू-कटला वाढतात, पण विणत नाहीत. विणीसाठी त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. तळ्यात हे मासे हवे असतील तर बीज बाहेरून आणणे आलेच. त्यातूनच एक व्यापार उभा राहिला.

या व्यापाराची पेठ होती हावडा-कलकत्त्याला. पावसाळ्यात तिकडचे मच्छीमार नदीकाठी नरसाळ्याच्या आकाराची जाळी लावून मत्स्यजिरे, म्हणजे माशांची इवलीशी पिल्ले, धरत. मातीच्या हंड्यांत भरलेला माल रेल्वेने दूरदूर जाई. पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून सोबतचा माणूस वाटेत हंड्या हलवत बसे. जिऱ्यांत रोहू किती आणि रोहूला गिळणारे मासे किती, हे मात्र पिल्ले मोठी झाल्यावरच कळे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशाची वीण घडवून आणली आणि नदीवरचे हे अवलंबन सुटू लागले. आता अंडे फळल्याच्या क्षणापासून पिल्लाचा तास न् तास मोजता येऊ लागला.

उबदार पाण्यात रोहूचे अंडे साधारण १५ ते १८ तासांत फुटते. बाहेर पडलेल्या पिल्लाचे तोंड बंद असते आणि डोळ्यांत रंग भरलेला नसतो. पोटाखालच्या पीतकपिशवीवर ते सुमारे तीन दिवस काढते. तेवढ्या अवधीत डोळे काळे होतात, तोंड उघडते, आणि पिल्लू पाण्यातले सूक्ष्म जीव हेरून टिपू लागते. बहुतेक माशांच्या डोळ्यांत उजेडात पाहणाऱ्या पेशी आधी येतात, अंधुक प्रकाशातल्या नंतर. तोल सांभाळणारे कानातले चुनखडे आणि पाण्याची हालचाल टिपणारे त्वचेवरचे संवेदनकण त्याहूनही लवकर तयार होतात.

ज्ञानेंद्रियांच्या या घडणीचा बराचसा तपशील उलगडला तो झेब्राफिश या पट्ट्यापट्ट्यांच्या चिमुकल्या माशावर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात रोहू आणि कटल्यासोबत याचेही शास्त्रीय वर्णन केले होते.

हंड्यांची जागा आता प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी घेतली आहे. विक्रीचा मुहूर्त मात्र पिल्लूच ठरवते: डोळे आणि तोंड तयार झाले, म्हणजे साधारण तिसरा दिवस उलटला, की जिरे संगोपन तळ्याकडे रवाना होतात.