पदयात्रेची शेगडी

चैत्र लागला की धुळे-मालेगाव रस्त्यावर सप्तशृंगी गडाकडे निघालेल्या खान्देशी पदयात्रा दिसू लागतात. मागून येणाऱ्या टेम्पोत पातेली, पिठाची पोती आणि एक शेगडी. मुक्कामाला कडुनिंबाखाली ती पेटते. तिची वंशावळ चाळली की एक गोष्ट ध्यानात येते: घराने जे निवृत्त केले, तेच रस्त्याच्या वाट्याला आले.

तीन दगडांची चूल ही तिची पणजी. ती घरातून उठली, पण शेतातून उठली नाही. जळगावकडे थंडीत भरिताची वांगी आजही कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजतात. त्या धुराची चव गॅसला येत नाही.

मग आले रॉकेल. ‘रॉक ऑइल’चे आपण रॉकेल केले, ‘गॅसलाइट’चे घासलेट. १८९२ साली स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने या तेलावर चालणारा बिनवातीचा स्टोव्ह घडवला, तोच ‘प्रायमस’. पितळी टाकीत रॉकेल भरायचे, बर्नर आधी तापवायचा, मग पंपाने हवा मारायची. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, बारीक छिद्रातून सुटते आणि निळी ज्योत भरभरत जळते. हा स्टोव्ह १९११ साली आमुंडसेनबरोबर दक्षिण ध्रुवावर पोचला. त्याच घराण्यातले पितळी स्टोव्ह आपल्या ओट्यावर चहा उकळू लागले.

म्हातारपणही त्याला ठरलेले. पंपातला चामड्याचा वाशर सुकतो, मग हवा धरत नाही. पिन मारून मारून छिद्र मोठे होते, ज्योत पिवळी पडते, भांडी काळी होतात. १९७७ साली इंडियन ऑइलने वातीचा ‘नूतन’ स्टोव्ह आणला. तो कमी रॉकेलात चालायचा आणि आवाजही करत नसे. गॅस मुंबईत १९५५ सालीच आला होता, पण पुढे कितीतरी वर्षे जोडणीसाठी नंबर लावून थांबावे लागे. सिलिंडर घरी आला की पितळी स्टोव्ह माळ्यावर जाई आणि यात्रेच्या दिवशी खाली उतरे.

आता टेम्पोत गॅस आहे, रीत मात्र जुनीच. घरात नवी शेगडी आली की गळक्या चावीची, जुन्या नळीची शेगडी ‘यात्रेला चालेल’ म्हणून बाजूला ठेवली जाते. खरे तर वारा, ऊन, हादरे आणि पन्नास माणसांचा स्वयंपाक हे सगळे तिलाच सोसायचे असते. मजबूत शेगडीची गरज घरापेक्षा रस्त्यावर जास्त.

म्हणून यंदा निघण्याआधी एवढे करा. रबरी नळीला पाच वर्षे झाली असतील तर ती बदला. सिलिंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ते वाचा. ‘ए’ म्हणजे मार्चअखेर, ‘बी’ जूनअखेर, ‘सी’ सप्टेंबरअखेर, ‘डी’ डिसेंबरअखेर. सिलिंडरची पुढची तपासणी तोवर व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. आणि नवी शेगडी घेणार असाल, तर ती पदयात्रेला द्या. जुनी घरीच नजरेसमोर राहू द्या.