डोळ्यातलं तेल आणि डोळ्याचा दाब

शिरड शहापूरहून नांदेडला जाऊन पडद्याचं ऑपरेशन करून आलेले रुग्ण सांगतात, "डॉक्टर, डोळ्यात तेल भरलंय." हे तेल सिलिकॉनचं. सुटलेला पडदा ते जागेवर धरून ठेवतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पॉल सिबिस यांनी ते वापरायला घेतलं. पडदे चिकटले, पण काही डोळ्यांत दाब वाढू लागला.

कारण साधं आहे. तेल पाण्यावर तरंगतं. मोतीबिंदू काढून भिंग न बसवलेल्या डोळ्यात ते पुढे येऊन बाहुलीचं तोंड बंद करतं आणि आतलं पाणी अडतं. १९८५ साली जपानच्या आंडो यांनी उपाय मांडला: बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला खालच्या बाजूला बारीक छिद्र. खालीच का? तेल वर जातं, पाणी खाली उरतं!

दुसरा त्रास उशिरा होतो. काही महिन्यांनी तेलाचे बारीक थेंब होतात आणि पाणी निचरायची जाळी तुंबवतात. म्हणून पडदा नीट बसला की बहुतेकदा तेल काढतात. "दुखत नाही, मग कशाला काढायचं?" असं तुम्ही विचारता. दाब न दुखताही वाढतो आणि नस सुकते. गेलेली नजर परत येत नाही.

डोकं दुखून उलट्या झाल्या, तर ॲसिडिटीची गोळी मागण्याआधी मला तेलाचं सांगा. त्याच दिवशी दाब मोजायला पाठवेन.