वकिली कीं धर्मशास्त्र?

१८९८ सालीं बी. ए. झालेले विठ्ठल रामजी शिंदे मुंबईस कायदा शिकत होते. घरचें दारिद्र्य वकिलीकडे ओढी. प्रार्थनासमाजाच्या सहवासानें मन मात्र धर्मचिंतनाकडे वळलें. अखेर त्यांनीं कायदा सोडला. एकेश्वरवादी युनिटेरियन पंथाच्या शिष्यवृत्तीवर १९०१ सालीं ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत दाखल झाले. तेथें केवळ एका धर्माचेंच अध्ययन नसे, डॉ. एस्टलिन कार्पेंटर सर्व धर्मांचा तौलनिक विचार शिकवीत. १९०३ मध्यें परतल्यावर शिंदे मुंबईंत प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. १९०६ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या उन्नतीसाठीं निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापिली आणि परळास तिची पहिली शाळा उघडली. वकिलीनें एका घरचें दैन्य फिटलें असतें. ऑक्सफर्डास मिळविलेली विद्या मात्र अनेकांच्या दारीं पोंचली.