शपथ आणि पुढची तारीख

बरेच दिवस हे मनात होतं, पण विषय घरचा, म्हणून लिहायला धजत नव्हते. परवा वेंगुर्ल्याला गेले आणि मामाच्या ट्रंकेत त्याची औषधांची फाईल सापडली. आता लिहितेच. (घरच्यांनो, रागावू नका.)

मामा प्यायचा. आजीने त्याला आरवलीला वेतोबापुढे नेलं, गाऱ्हाणं घातलं, शपथ घ्यायला लावली. ती चार महिने टिकली. मग तो एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. सुटली! सगळे खूश. मामा मात्र ओटीवर नुसता बसून असायचा. म्हणायचा, "दारू सोडलंय गो, पण जीव खंयच लागणा नाय." आम्ही म्हणायचो, होईल सवय. तपासणीची पुढची तारीख त्याने चुकवली, त्यापुढचीही. आम्हीही आठवण केली नाही. बरा झाला होता ना! पाच महिन्यांत पुन्हा बाटली.

दारू सोडणं ही आपण कायम एका दिवसाची गोष्ट समजत आलो. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा म्हणजे सरकारी शपथच. पण तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा, आणि तिथे १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य. आपला कायदा खाडीच्या अलीकडेच संपायचा. 'सोडली, आता उद्या काय?' याचं उत्तर शपथेत नव्हतं, कायद्यातही नव्हतं.

ते शोधलं पिणाऱ्यांनीच. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉ. बॉब यांनी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू केलं. आजचा दिवस प्यायचं नाही, आणि एकमेकांना भेटत राहायचं. पुढे १९४० च्या दशकात, एक थेंबही न पिता, याच विल्सनला नैराश्याने गाठलं. कित्येक वर्षं त्याने ते सोसलं, मानसोपचारही घेतले. हे वाचलं तेव्हा मला ओटीवरचा मामा दिसला.

आपल्याकडे २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांचं काम, पु. ल. आणि सुनीताबाईंची देणगी. सुरुवात गर्दच्या व्यसनापासून झाली, पुढे दारूचे रुग्णही आले. केंद्रातून घरी गेल्यावरचा पाठपुरावा हाही तिथे उपचाराचाच भाग.

आणि अगदी शेजारी, गोव्यात, 'संगत' संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत दोन अभ्यास केले. ते २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. एक नैराश्यावर, दुसरा अपायकारक पिण्यावर (पूर्ण व्यसन जडलेले त्यात नव्हते). बोलणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. नैराश्याच्या अभ्यासात तीन महिन्यांनी अशी भेट मिळालेल्या १०० पैकी ६४ जण सावरले होते, न मिळालेल्यांपैकी ३९.

मामाचं काय झालं? दुसऱ्यांदा गेला तेव्हा डॉक्टरांनी दारूच्या आधी झोप विचारली, भूक विचारली. नैराश्याची गोळीही सुरू झाली. मामी कालनिर्णयवर तारखेला गोल करायची आणि सोबत जायची. त्यानंतरच्या नऊ वर्षांत मामा दोनदा घसरला, पण तारीख एकही चुकली नाही. फाईलमधली शेवटची चिठ्ठी तो गेला त्या महिन्यातली आहे.

असो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर "सोडलीस ना?" असं विचारू नका. "पुढची तारीख कधी?" एवढंच विचारा. आणि जमलं तर सोबत जा.