मूळ संहिता, भाष्य आणि विद्यार्थी : मुक्तस्रोत आज्ञावलीच्या इतिहासातील विद्यापीठांचे स्थान

मुक्तस्रोत आज्ञावलीचा इतिहास सांगताना सामान्यतः दोन भूमिका घेतल्या जातात. पहिलीनुसार तो काही थोड्या उदारमनस्क संगणकतज्ज्ञांच्या ध्येयवादाचा इतिहास होय; दुसरीनुसार तो उद्योगक्षेत्राने स्वतःच्या हितासाठी स्वीकारलेल्या एका निर्मितिपद्धतीचा इतिहास होय. दोन्ही भूमिकांत तथ्य आहे. तथापि अध्यापनाचा वर्ग हा घटक दोहोंतही जवळजवळ गाळलेला दिसतो. वस्तुतः ‘मुक्तस्रोत’ ही संज्ञा १९९८ साली पुढे येण्यापूर्वी सुमारे दोन दशके हाच प्रश्न विद्यापीठांत एका अगदी साध्या रूपात उभा राहिला होता : जी कृती शिकवावयाची, ती अध्यापकाला विद्यार्थ्यांपुढे उघडून ठेवता येईल की नाही? या प्रश्नाला मिळालेल्या नकारातून पुढील अनेक घडामोडी उद्भवल्या, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आज्ञावलीची दोन रूपे असतात. माणूस लिहितो व वाचतो ती मूळ संहिता, म्हणजेच सोर्स कोड. आणि तिच्यापासून यंत्रासाठी सिद्ध केलेले रूप हे दुसरे. केवळ हे दुसरे रूप हाती असले, तर आज्ञावली वापरता येते. परंतु तिच्या रचनेचा अभ्यास करणे अत्यंत दुष्कर होते. मूळ संहितेवाचून हे शास्त्र शिकविणे म्हणजे काव्य न उघडता केवळ त्यावरील अभिप्रायांच्या आधारे काव्य शिकविणे होय.

ज्या कृतीभोवती हा इतिहास घडला ती म्हणजे यूनिक्स ही कार्यप्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली तिचा आरंभ केला. ही प्रयोगशाळा ज्या दूरध्वनी कंपनीची होती, त्या ए. टी. अँड टी. वरील मक्तेदारीविरोधी खटल्याचा १९५६ साली तडजोडीने निकाल लागला होता, आणि त्यान्वये दूरसंचाराबाहेरील व्यवसाय करण्यास तिला मनाई होती. त्यामुळे यूनिक्स बाजारात विकण्याचा मार्ग तिला मोकळा नव्हता. रिची व थॉम्पसन यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाल्यानंतर विद्यापीठांकडून मागणी येऊ लागली, तेव्हा कंपनीने अल्प शुल्क घेऊन मूळ संहितेसह परवाने दिले. मात्र दोषदुरुस्तीची वा साहाय्याची कोणतीही जबाबदारी स्वीकारली नाही. या उपेक्षेचा परिणाम अनपेक्षित झाला. संहिता हाती आणि साहाय्य कोठेच नाही, अशा स्थितीत विद्यापीठांना दोष स्वतःच शोधावे लागले व केलेल्या दुरुस्त्या एकमेकांस कळवाव्या लागल्या. सहकार्याची ही रीत प्रथम गरजेतून आली. तिचे तत्त्वज्ञान मागाहून झाले.

याच काळात ऑस्ट्रेलियात सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स हे अध्यापक होते. यूनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींहूनही कमी असल्याने एका विद्यार्थ्याला तो एका सत्रात सबंध वाचता येईल, असे त्यांच्या ध्यानी आले. १९७६–७७ मध्ये त्यांनी आपल्या वर्गासाठी दोन पुस्तके सिद्ध केली : एकात ओळींना क्रमांक दिलेली मूळ संहिता, दुसऱ्यात तिच्यावरील भाष्य. आपल्याकडील शास्त्रग्रंथांच्या अध्ययनात मूळ व टीका शेजारी ठेवण्याची जी परंपरा आहे, तिचे स्मरण येथे सहज व्हावे. त्या संहितेत एका दुर्बोध स्थळी, वाचकाला हे समजावे अशी अपेक्षा नाही, अशा आशयाची टीप कर्त्यांनी घातलेली होती. ती उद्धटपणाने नव्हे, तर ‘हे परीक्षेला नाही’ अशा भावनेने घातली होती, असा खुलासा रिची यांनी पुढे केला, आणि त्या जागी नेमके काय चालले आहे हे आपणांसही नीट उमगले नव्हते, अशी कबुलीही दिली. संहिता उघडी असल्याचा अर्थ या प्रसंगावरून स्पष्ट होतो. तेथे कर्त्याचे अज्ञानही विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडते.

१९७९ साली सातवी आवृत्ती निघाली, आणि तिच्या परवान्यात मूळ संहितेचा वर्गातील अध्यापनासाठी उपयोग करण्यास प्रतिबंध घालण्यात आला. यूनिक्सचे व्यापारी मूल्य कंपनीच्या ध्यानी येऊ लागले होते. लायन्स यांच्या पुस्तकांचे वितरण परवानाधारकांपुरते मर्यादित झाले. परंतु त्यांच्या छायाप्रती, आणि त्या छायाप्रतींच्या छायाप्रती, विद्यार्थ्यांच्या हातोहाती फिरत राहिल्या. हे पुस्तक अधिकृतपणे प्रकाशित होण्यास १९९६ साल उजाडावे लागले. अनेक ठिकाणी कार्यप्रणालीचा अभ्यासक्रम मात्र पुन्हा केवळ सिद्धांतांकडे वळला.

ॲम्स्टरडॅम येथील व्रिये विद्यापीठातील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी या प्रतिबंधाला दिलेले उत्तर विधायक होते. जी संहिता शिकविता येत नाही तिच्याऐवजी शिकविता येईल अशी संहिता त्यांनी स्वतःच लिहिली. बाह्यतः यूनिक्ससारखीच, परंतु मूळ यूनिक्समधील एकही ओळ न घेता रचलेली मिनिक्स ही प्रणाली १९८७ साली त्यांच्या पाठ्यपुस्तकासह प्रसिद्ध झाली. सुमारे १२,००० ओळींची तिची संहिता पुस्तकातच छापलेली होती. मात्र येथे एक मर्यादा होती. संहिता वाचता येत असली, तरी तिच्यात बदल करून ती स्वतंत्रपणे वितरित करण्याचा अधिकार वाचकाला नव्हता. शिवाय एका सत्रात शिकविता यावी एवढीच ती राहावी, या हेतूने टॅनेनबॉम नव्या भरीस अनुकूल नव्हते. अध्यापक म्हणून त्यांची ही भूमिका समर्थनीयच होती. तथापि त्या पुस्तकाच्या काही विद्यार्थ्यांना ती अपुरी वाटली.

हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस तोरवाल्ड्स हे त्यांपैकी एक. त्यांनी १९९१ साली मिनिक्सच्याच आधारे काम करीत स्वतःचा नवा गाभा लिहिला. लिनक्स या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गाभ्याला १९९२ साली ग्नू सार्वजनिक परवाना लागू झाला. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयत्नांचे फळ होता. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेच्या प्रयोगशाळेतील खुली देवघेव मोडत चाललेली पाहून त्यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प घोषित केला होता. वाचणे, बदलणे व वाटणे हे तिन्ही अधिकार देणारा, आणि पुढील वितरकानेही ते तसेच द्यावेत असे बंधन घालणारा हा परवाना १९८९ साली तयार झाला. लायन्स यांनी विद्यार्थ्याला वाचक केले होते. या परवान्याने त्याला सहकर्ता होण्याची मुभा दिली.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने निराळी वाट धरली. तेथे १९७८ पासून यूनिक्सची सुधारित वितरणे निघत होती. परंतु त्यांत मूळ कंपनीचा भाग असल्याने घेणाऱ्याला कंपनीचाही परवाना लागे. तो भाग एकेक करून नव्याने लिहिण्याचे काम अनेक स्वयंसेवकांनी केले, आणि १९९१ च्या वितरणात गाभ्यातील सहा फायलींखेरीज जवळजवळ सर्व संहिता मुक्त झाली. पुढील वर्षी कंपनीच्या उपसंस्थेने खटला भरला. १९९४ साली तडजोड होऊन सुमारे १८,००० फायलींपैकी अवघ्या तीन काढाव्या लागल्या व काहींत किरकोळ फेरफार झाले. वादाचे कारण किती अल्प होते हे या आकड्यांवरून दिसते. पण तेवढ्या अवधीत बर्कलीच्या संहितेवर अनिश्चिततेचे सावट राहिले व लिनक्सला मोकळे मैदान मिळाले.

या घटनांवरून विद्यापीठे ही मुक्तस्रोताची एकमेव जननी होती असा निष्कर्ष काढणे मात्र अतिरेकाचे होईल. बर्कलीच्या कार्याला १९८० पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचे साहाय्य होते. मूळ संहिता विद्यापीठांत पोहोचली तीच मुळी एका न्यायालयीन तडजोडीमुळे. आणि १९७९ च्या प्रतिबंधापुढे बहुतेक विद्यापीठांनी मान तुकवली, हेही नाकारता येत नाही. एवढे मात्र निश्चित म्हणता येते की, ज्यांनी पर्याय उभा केला त्यांपैकी टॅनेनबॉम यांची प्रेरणा थेट अध्यापनाची होती, आणि तोरवाल्ड्स यांचे कार्य त्यांच्या पाठ्यपुस्तकावाचून त्या रूपात संभवले नसते.

भारतीय विद्यापीठांच्या दृष्टीने यातून एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडे मुक्तस्रोताचा पुरस्कार बहुधा खर्चाच्या बचतीसाठी केला जातो. परवान्यांच्या किमती पाहता हे कारण क्षुल्लक नाही. परंतु जी आज्ञावली विद्यार्थी केवळ विनामूल्य वापरतो व कधीच उघडून पाहत नाही, ती त्याच्यापुरती बंदच असते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्पाने या दिशेने एक वेगळे पाऊल टाकले. प्रमाणभूत पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅब या फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुक्त गणितीय आज्ञावलीत लिहून काढण्याचे काम या प्रकल्पाने देशभरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडे सोपविले, आणि त्या संहिता सर्वांना खुल्या केल्या. येथे विद्यार्थी हा केवळ उपभोक्ता न राहता संहितेचा लेखक होतो.

मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत एकविसाव्या शतकाच्या आरंभी कार्यप्रणालीच्या वर्गात यूनिक्सची सहावी आवृत्ती लायन्स यांच्या भाष्यासह पुन्हा वाचली जाऊ लागली, आणि २००६ साली तेथील अध्यापकांनी तिचीच रचना आधुनिक यंत्रांसाठी नव्याने लिहून एक्सव्ही६ ही छोटी प्रणाली सिद्ध केली. लायन्स १९९८ साली निवर्तले होते. ज्या संहितेच्या अध्यापनाला एकेकाळी प्रतिबंध झाला, तिचाच हा वंशज आज अनेक विद्यापीठांत ओळीने ओळ वाचला जातो. तथापि संहिता खुली करणे एवढे परवान्याच्या हाती असते. ती वाचली जाईल की नाही, हे अखेर अभ्यासक्रम आखणाऱ्यांवर आणि वर्गात ती उघडणाऱ्या अध्यापकावर अवलंबून राहते.