हान्सला गणित येत होतं का?

मागच्या वेळी आपण निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक पाहिला. आज सूत्रं, व्याख्या बाजूला ठेवू आणि एका घोड्याची गोष्ट घेऊ. मानसशास्त्रात प्रयोग कसा रचावा, हे आम्ही वर्गात शिकवायचो तेव्हा सुरुवात इथूनच करायचो.

बर्लिन, साल 1904. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणित-शिक्षक. त्यांचा घोडा हान्स. घराच्या अंगणात ते त्याला फळ्यावर, मण्यांवर शिकवत, अगदी शाळेतल्या पोराला शिकवावं तसं. हान्स पुढचा पाय आपटून उत्तर द्यायचा. बेरीज, अपूर्णांक, महिन्यातली तारीख, अक्षरं जुळवून शब्दसुद्धा! गर्दी जमू लागली, पण म्हाताऱ्याने कुणाकडून एक पैसा घेतला नाही. हे लक्षात ठेवा, कारण लबाडाची तपासणी सोपी असते. प्रामाणिक माणसाची अवघड.

तुमच्यापैकी काहींना आता नंदीबैल आठवला असेल. पाऊस पडेल का, असं विचारलं की गुबूगुबू वाजतं आणि नंदी मान हलवतो. पण तिथे नंदीवाल्याला ठाऊक असतं की खूण आपण देतो. आपल्यालाही ठाऊक असतं, म्हणून तर 'नंदीबैल' हा शब्द आपण माणसांसाठी वापरतो. फॉन ऑस्टेनना मात्र काहीच ठाऊक नव्हतं. शिवाय ते हजर नसताना, परक्या माणसाने विचारलं तरी हान्स बरोबर उत्तर द्यायचा. मग खूण कोण देणार?

चौकशीला एक समिती बसली. प्रमुख कार्ल स्टुम्फ. मूळचे तत्त्वज्ञ, ब्रेंटानोंचे विद्यार्थी, आणि बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेचे संस्थापक. सोबत प्राणिसंग्रहालयाचे संचालक, सर्कसवाले, शिक्षक असे लोक. सर्कसवाल्याला घेतलं हे शहाणपणाचं. हातचलाखी प्राध्यापकाला कळत नाही, त्याला कळते. सप्टेंबर 1904 मध्ये समितीने सांगितलं: इथे कोणतीही युक्ती आढळत नाही.

लोकांनी याचा अर्थ काय घेतला? घोडा विचार करतो! इथे क्षणभर थांबू. समितीचं म्हणणं खरंच होतं, लबाडी नव्हतीच. पण 'लबाडी नाही' यावरून 'बुद्धी आहे' हे निघतं का? निघत नाही. दोनच पर्याय आहेत असं धरून चालणं ही तर्कातली जुनी चूक, आणि मोठमोठी माणसं ती करतात. तिसरा पर्याय शोधायला प्रश्नच वेगळा विचारावा लागतो.

तो विचारला स्टुम्फ यांच्या संस्थेतल्या ओस्कार फुंग्स्ट या तरुणाने. त्याच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, हे जाता जाता सांगायला आम्हाला आवडतं. त्याने केलं ते इतकं साधं आहे की आधी कुणाला का सुचलं नाही, असं वाटतं. आकड्यांच्या पाट्या घेतल्या. कधी विचारणाऱ्याला पाटीवरचा आकडा माहीत, कधी नाही. आणि हे पुन्हा पुन्हा. माहीत असला तर हान्स जवळजवळ चुकतच नसे. माहीत नसला तर शंभरात दहा उत्तरंही बरोबर येत नसत. मग घोड्याच्या डोळ्यांना झापडं बांधली. विचारणारा दिसला तर दहापैकी सुमारे नऊ उत्तरं बरोबर, दिसला नाही तर शंभरात सहा.

म्हणजे उत्तर माणसाकडून येत होतं. पण कसं? फुंग्स्ट आता घोड्याऐवजी माणसांकडे बघू लागला. प्रश्न विचारला की माणूस नकळत किंचित पुढे झुकतो, खुराकडे बघायला. हान्सचा पाय सुरू. टापांची संख्या बरोबर झाली की मनावरचा ताण सुटतो, डोकं मिलिमीटरभर वर जातं. हान्सचा पाय बंद. एवढंच! यावरही तो थांबला नाही. प्रयोगशाळेत तो स्वतः घोडा झाला. लोकांनी मनात आकडा धरायचा, आणि हा हाताने टापा मोजणार. 25 जणांपैकी 23 जणांची हालचाल त्याला वाचता आली. सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे खूण कोणती हे कळल्यावरही ती स्वतःच्या शरीरातून जाऊ न देणं त्याला जमेना.

(आम्ही तोंडी परीक्षा घेत असू तेव्हा चलाख मुलं आमच्या भुवया बघून उत्तर मध्येच बदलायची. त्यांना पूर्ण गुण दिले. आता काय करणार!)

डिसेंबर 1904 मध्ये स्टुम्फ यांनी नवा अहवाल दिला, 1907 मध्ये फुंग्स्टचं पुस्तक आलं. फॉन ऑस्टेनना ते पटलं नाही. ते 1909 मध्ये वारले. एका माणसाने वर्षानुवर्षं प्रेमाने शिकवलं, आणि शिकला कोण, काय? घोडा शिकला, पण गणित नव्हे, मालकाचा चेहरा. खरं म्हणजे हेही काही कमी नाही. हान्सला बुद्धू म्हणणाऱ्यांना मुद्दा कळलेला नाही.

कुणी म्हणेल, घोड्याची गंमत आहे, एवढं काय त्याचं? तर 1990 च्या सुमाराला या. अमेरिकेत, न बोलणाऱ्या स्वमग्न मुलांचा हात एका मदतनीसाने धरायचा, आणि मूल कीबोर्डवर लिहिणार, अशी पद्धत पसरली. मुलं वाक्यंच्या वाक्यं लिहू लागली, 'आई, माझं तुझ्यावर प्रेम आहे' अशा अर्थाची. आयांना काय वाटलं असेल, सांगायला नको. मग काही मुलांच्या हातून आई-बापांवर अत्याचाराचे आरोप लिहिले गेले, आणि मुलं घरापासून तोडली गेली.

1993 मध्ये न्यूयॉर्क राज्यात फुंग्स्टचीच कल्पना वापरली गेली. मूल आणि मदतनीस यांना वेगवेगळी चित्रं दाखवली, एकाला दुसऱ्याचं दिसणार नाही अशी. कीबोर्डवर शब्द उमटला तो मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचा. मदतनीस लबाड नव्हते. मुलाला मदत करतो आहोत, यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि हे ऐकून त्यांतले काही अक्षरशः कोसळले.

म्हणून औषधाच्या चाचणीत रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही सांगत नाहीत, की कोणत्या पुडीत काय आहे. त्याची रचना कशी करतात, चिठ्ठ्या टाकून गट का पाडतात, हे पुढच्या व्याख्यानात घेऊ. तोवर एक गृहपाठ: पाटीवरचा आकडा फक्त घोड्याला दिसेल, विचारणाऱ्याला नाही, पण बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला दिसेल, तर काय होईल? लिहून आणा.